देवाचा रद्दीवाला

“आज कागद म्हणताय. उद्या म्हणाल, त्याचा पाइप पुरा. परवा म्हणाल, सपाता पुरा. हे कब्रस्तान आहे, फ्रॉइलाइन, तुमच्या घराचा माळा नव्हे!”

“आवाज खाली करा, हेर पेर्ले.”

“का? इथे कोण जागं होणार आहे?”

“भिंतीपलीकडे रस्ता आहे. रस्त्यावर माणसं आहेत.”

“मग त्यांनाही ऐकू दे. हाइमान पेर्ले नाही म्हणतोय. जन्मभर बसून ज्यानं हे सिद्ध केलं, की तोरा, आपला धर्मग्रंथ, देवानं दिलीच नाही, चार-पाच कारकुनांनी मिळून ठिगळं लावून शिवली, त्याचे कागद मी तोरेशेजारी पुरू? खाली झोपलेत ते मला काय म्हणतील?”

“खाली झोपलेल्यांत माझे वडीलही आहेत.”

“आहेत ना. भिंतीकडच्या रांगेत. त्यांच्यावर माती पडली तेव्हा कद्दीशची प्रार्थना कुणी म्हटली? मुलानं? मुलगा स्टेशनवर होता. गाडी चुकेल म्हणून पळाला. कुठल्याशा परिषदेला! प्रार्थना मी म्हटली. मी! पगारी माणसानं!”

“म्हणजे त्याचा सूड आज घेणार तुम्ही?”

“सूड नाही. नियम सांगतोय.”

“तुमचे नियम आणि सरकारचे नियम,” सेल्मा म्हणाली. “मधल्यामध्ये माझ्या भावाचा रस निघतोय.”

हे चाललं होतं जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात, आमच्या ज्यू कब्रस्तानात, फाटकालगतच्या राखणदाराच्या स्वयंपाकघरात. सन १९३७, नोव्हेंबर. हाइमानची बायको येट्टे चुलीपाशी बटाटे सोलत बसली होती आणि सालं जमिनीवरच्या घमेल्यात टाकत होती. तिला दोघांचंही पटत होतं. त्यामुळे ती गप्प होती, आणि येट्टे गप्प आहे म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे हाइमानला कळत होतं.

सेल्मा लिलिएनहाइन चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची, म्हणून फ्रॉइलाइन, कुमारी; पुरुषाला तसं ‘हेर’ म्हणतात, म्हणजे श्रीयुत. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नवं सरकार आलं आणि ज्यू म्हणून शाळेनं तिला घरी बसवलं. भाऊ अल्फोन्स विद्यापीठात प्रोफेसर होता. त्यालाही काढलं. तो इस्तंबूलला गेला, तिथे शिकवू लागला. निघताना हातात एक छोटी बॅग, जणू आठवड्याभरात परतणार. मागे राहिलं घर, घरातली कपाटं, आणि लिहिण्याच्या टेबलाच्या खणांत त्याचं पुस्तक. बायबलमधल्या संदेष्ट्यांवरचं. न छापलेलं, प्रत एकच. सेल्मानं त्यातली काही पानं दोनदा टपालानं पाठवून पाहिली. दोन्ही पाकिटं वाटेतच जिरली.

आणि मग सरकारी राजपत्रात अल्फोन्सचं नाव छापून आलं. ज्याचं नाव तिथे आलं तो त्या दिवसापासून जर्मन उरत नाही. आणि जो जर्मन नाही, त्यानं मागे ठेवलेली सुई-दोऱ्यापासून पियानोपर्यंतची प्रत्येक चीज सरकारजमा. सेल्माला कचेरीतून कळवण्यात आलं होतं, की गुरुवारी सकाळी माणसं येतील, पंचनामा करतील, दारावर लाखेचं सील मारतील. तिनं स्वतःचे कपडे आणि गादी तेवढी घ्यावी. निघताना तिचं सामान तपासलं जाईल.

“मला दुसरी जागा नाही,” सेल्मा म्हणाली. “ओळखीच्या प्रत्येक घरात झडती होते. कागद जमिनीखाली टाकले तरच राहतील. तुम्ही वर्षानुवर्षं कागदच पुरता. तुमच्या हातगाडीकडे कुणी वळूनसुद्धा पाहत नाही.”

“मी पवित्र कागद पुरतो.”

“मग हे काय आहे? भाजीचा हिशेब?” तिनं पर्समधून एक पान काढलं आणि त्याच्यापुढे नाचवलं. “बघा तरी! एकदा बघा!”

“नाही बघणार.”

“मग राहू दे!” म्हणून तिनं ते भिरकावलं. पान घमेल्याच्या कडेला आपटून बटाट्याच्या सालांत पडलं.

आता हाइमान पेर्ले हा काय माणूस होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढे जे झालं ते कुणाला खरं वाटणार नाही.

आमच्यात ज्या कागदावर देवाचं नाव असतं, ते चार अक्षरांचं हिब्रू नाव, जे आम्ही तोंडानं उच्चारतही नाही, तो कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही, टाकायचा नाही. प्रार्थनेचं पुस्तक जीर्ण झालं की त्याला माणसासारखी मूठमाती द्यायची. सणांच्या आधी हाइमान हातगाडी घेऊन दारोदार फिरायचा. “काही झिजलंय का? काही सुटलंय का?” बायका सुटी पानं आणून द्यायच्या, पोरं मागून ओरडायची, “आला! देवाचा रद्दीवाला आला!” त्याला राग यायचा नाही. तो म्हणायचा, “रद्दीवाला तर रद्दीवाला. पण मालक बघा कोण आहे.”

गोळा केलेले कागद तो पांढऱ्या कापडी पिशव्यांत भरून शवघराच्या मागच्या खोलीत खुंट्यांना टांगायचा. कुणी भला माणूस वारला की त्याच्या पायाशी त्या ठेवायच्या. घरी बाजारातून हेरिंग आलं, की ते गुंडाळलेला कागद आधी हाइमानपुढे. तो दिव्याजवळ धरून दोन्ही बाजू तपासणार आणि मगच म्हणणार, “हं, काप.” येट्टे म्हणायची, “माझा नवरा मासे खात नाही, मासे वाचतो.”

ही येट्टे पुढे दूर समुद्रापलीकडे मॉन्टेव्हिडिओत आमच्या शेजारी राहायला आली. एकटीच. तोवर हाइमान नव्हता. कुठे आणि कसा गेला ते तिनं एकदाच सांगितलं आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. पण या कागदांची गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची, आणि सांगताना आवाज काढायची. सेल्माचा चिरका, मास्तरणीचा. हाइमानचा जाड, थंडीत बसलेला. हातात सुरी असायचीच.

हाइमान पोझेनकडच्या एका खेड्यातला. बाप खाटीक, आई मुकी. महायुद्धात त्याला खंदकात घातलं. तिथे त्यानं दोन्ही बाजूंची मढी ओढली. परत आला तर गाव पोलंडात गेलेलं. मग ब्रेस्लाऊ. कुणीतरी विचारलं, काय येतं? तो म्हणाला, “खणता येतं.” बस, लागली नोकरी. लिहिता-वाचता जेमतेम, पण ती चार अक्षरं तो अंधारातसुद्धा ओळखायचा.

आणि प्रोफेसर लिलिएनहाइनशी त्याचं जुनं वाकडं. प्रोफेसर माणूस गमत्या. उपासाच्या मोठ्या दिवशी भर रस्त्यात पाइप ओढत जायचा आणि हाइमान दिसला की टोपी काढायचा. एकदा फाटकाशी थांबून म्हणाला, “काय पेर्ले, आपला धंदा एकच की! तुम्ही पुस्तकं पुरता, मी त्यांची चिरफाड करतो.”

हाइमान म्हणाला, “चिरफाड मेल्यावर करतात, हेर प्रोफेसर. तुम्ही जिवंतपणी करता.”

प्रोफेसर हसत हसत गेला आणि ते वाक्य त्यानं गावभर केलं, कौतुकानं. हाइमानला वाटलं, थट्टा केली.

तर ते पान सालांत पडलं. आणि हाइमान चटकन वाकला. ठरवून नाही. जसा माणूस पडत्या मुलाला धरायला वाकतो तसा. त्यानं पान उचललं, चिकटलेलं साल बोटानं काढलं, बाहीनं पुसलं, आणि ओठांना लावलं. कागदावर मधोमध ती चार अक्षरं होती.

मग त्याला कळलं, आपण कुणाच्या अक्षराचा मुका घेतलाय.

येट्टेनं सुरी खाली ठेवली.

“पूर्ण लिहिलंय,” हाइमान म्हणाला. आवाज बदलला होता. “चारही. भला माणूस असं लिहीत नाही. कागद कुठे पडेल, कुणाच्या पायाखाली येईल, म्हणून खुणेचं एक अक्षर लिहितो आणि पुढे जातो. हा... याला काही भीडच नाही.”

“त्याला भीड असती तर तुमची गरजच पडली नसती,” सेल्मा म्हणाली.

“अशी किती पानं आहेत?”

“ढीग आहेत. तो प्रत्येक श्लोक आधी स्वतःच्या हातानं उतरवून घ्यायचा. मग पुढच्या पानांवर त्याबद्दल लिहायचा.”

हाइमाननं पान घडी न घालता प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. नाक चोळलं. शेवटी म्हणाला, “किल्ली द्या.”

“म्हणजे न्याल?”

“नाव त्यांच्या हाती पडू द्यायचं नाही. नियम आहे. तुमच्या भावासाठी करत नाही मी.”

“कुणासाठीही करा,” सेल्मा म्हणाली आणि रडू येण्याआधी उठली.

बुधवारी सकाळी सेल्माला कचेरीत बोलावलं होतं, सह्यांसाठी. दिवसभर बाकावर बसवून ठेवतात हे सगळ्यांना माहीत होतं. ती गेली आणि पाठोपाठ हाइमान आणि येट्टे हातगाडी घेऊन लिलिएनहाइनांच्या घरी पोचले. तिसरा मजला. गाडी खाली, पिशव्या वर.

येट्टेनं असं घर आतून कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकं भिंतीला लावलेली नव्हती, भिंतच पुस्तकांची होती. न्हाणीघरातसुद्धा फळी. स्वयंपाकघरात तांब्याची पातेली ओळीनं टांगलेली, घासून लखलखीत. सेल्मानं आदल्या रात्री घासली असावीत. जप्तीवाले येणार म्हणून पातेली घासून ठेवणारी बाई! येट्टे हे सांगताना नेहमी थांबायची. “पाहुणे येणार असल्यासारखी,” म्हणायची.

हाइमान लिहिण्याच्या टेबलाशी बसला. खण उघडला. पान काढलं, दोन्ही बाजू पाहिल्या, डाव्या हाताला ठेवलं. दुसरं काढलं, पाहिलं, उजव्या हाताला ठेवलं.

“हे काय करतोयस?” येट्टेनं विचारलं.

“निवडतोय.”

“तांदूळ आहेत का? भर सगळं पिशवीत, चल.”

“सगळं कसं? यावर नाव आहे. यावर नाही.”

“हाइमान, तिनं पुस्तक वाचवायला सांगितलंय.”

“तिनं काय सांगितलं ते तिचं. मी काय कबूल केलं ते माझं. मी नाव नेतोय.”

“अरे, पण हे बघ, इथे लिहिलंय की देव. हे काय, ‘देव’च आहे ना?”

“जर्मनमध्ये आहे. ते नाव नाही, तो नुसता शब्द. मी रॅबींना पूर्वीच विचारून ठेवलंय. जर्मन शब्दाला मूठमाती नाही.”

“मग नुसतीच ने ना बरोबर. वजन काय जास्त होणार आहे?”

“त्या पिशव्या माणसाच्या पायाशी जाणार, येट्टे. झाकोबीबाई गेली काल. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, कुणाला उणा शब्द बोलली नाही. तिच्या पायाशी मी हे ठेवू? ‘संदेष्टा यशया एक नव्हता, तीन होते’? आणि वाटेत कुणी विचारलं काय आहे, तर मी काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही. नाव असलेली पानं आहेत, एवढंच मला सांगता येतं. ते खरं असायला हवं.”

येट्टेनं आणखी दोनदा हुज्जत घातली. मग ती खाली बसली आणि निवडायला लागली. नवऱ्याला ती चांगली ओळखत होती. एकदा त्याच्या तोंडी ‘नियम’ आला की गाढव चिखलात रुतल्यासारखं. आणि काम तसं सोपं होतं. ज्यावर श्लोक, ते डावीकडे. पुढची दोन-चार पानं नुसती बारीक जर्मन अक्षरांनी खचाखच भरलेली, खोडलेली, समासात पुन्हा लिहिलेली, ती उजवीकडे. डावीकडचं पिशवीत. उजवीकडचं हाइमान नीट ठोकून सारखं करत होता, सुतळीनं गठ्ठे बांधत होता आणि ज्या खणातून काढलं त्याच खणात परत ठेवत होता. दुसऱ्याची वस्तू. जशी होती तशी.

दुपार झाली. पिशव्यांची तोंडं बांधून दोघं जिना उतरू लागली, आणि खालून बुटांचा आवाज आला.

गुरुवार सांगितला होता. ते बुधवारीच आले. घरचं माणूस कचेरीच्या बाकावर बसलेलं असताना येणं त्यांना सोयीचं पडत असावं.

पुढे जो होता तो गोल चेहऱ्याचा, सर्दी झालेला, गळ्याला विणलेला मफलर. त्याच्यामागे हमाल.

“तुम्ही कोण?”

“पेर्ले. कब्रस्तानाचा राखणदार.”

“इथे कोण मेलंय?”

“कुणी नाही. कागद न्यायला आलोय.”

येट्टे मनातच ओरडली. मेल्या, सांग ना, जुने कपडे आहेत!

“कसले कागद? वरची प्रत्येक वस्तू सरकारची आहे, माहीत आहे ना? उघडा.”

हाइमाननं पिशवीची गाठ सोडली. साहेबानं हात घातला, मूठभर पानं वर काढली. हिब्रू. उलटं केलं. हिब्रू. आणखी खालून एक ओढलं. हिब्रू.

“हे काय आहे?”

“यावर देवाचं नाव आहे. आमच्यात असे कागद पुरतात.”

“पुरतात?” साहेबाला आधी शिंक आली, मग हसू. “ऐकलंत का रे? कागदाची प्रेतयात्रा! आम्ही जाळतो, आजोबा. लवकर आटपतं.” त्यानं पानं परत कोंबली. “जा, न्या. यानं काय पैसा येणार आहे? वर ते ओकचं कपाट आहे म्हणे, ते सुटं होतं का हो? जिन्यात अडकायचं नाहीतर.”

“मी सुतार नाही,” हाइमान म्हणाला.

“बरं बरं. निघा.”

गाडी लोटत दोघं दोन चौक ओलांडून आली तेव्हा येट्टेनं त्याला थांबवलं. ती एका पायरीवर टेकली. हाइमान मात्र फुलला होता. “पाहिलंस? खरं बोललो म्हणून सुटलो! एक जरी जर्मन पान हाती लागलं असतं तर बसला असता वाचत!” आणि येट्टेला ते पटलं. त्या क्षणी अगदी पटलं.

झाकोबीबाईला दुसऱ्या दिवशी माती दिली. पायाशी तीन पांढऱ्या पिशव्या. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते गोळा करायला हाइमानला दोन गल्ल्या फिरावं लागलं. माणसं कमी होत चालली होती. ज्यांच्या घरात कुणी ना कुणी निघून जात होतं, त्यांना दुसऱ्याला पोचवायला येण्याइतका जीव उरला नव्हता. पण प्रार्थना झाली. हाइमाननं स्वतः माती लोटली. संध्याकाळी खसखस घातलेले गोळे खाताना तो गुणगुणत होता. असं तो क्वचित करायचा.

घराला सील लागलं. सेल्माला पुन्हा आत जाऊ दिलं नाही. गादी आणि कपड्यांची ट्रंक तिला जिन्यातच मिळाली. ती एका विधवेकडे मागच्या खोलीत भाड्यानं राहू लागली. पुढच्या आठवड्यात सामान उतरवलं गेलं आणि अंगणातच लिलाव झाला. खालच्या मजल्यावरच्या बाईनं पातेली घेतली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं अल्फोन्सची आरामखुर्ची घेतली आणि तिथेच बसून पाहिली.

दोन दिवसांनी सेल्मा कब्रस्तानात आली. येट्टे कणीक मळत होती. सेल्माच्या हातात केक होता, चुरा घातलेला, तिनं स्वतः केलेला. विधवेच्या चुलीवर थोडा करपला होता. आणि तिचा चेहरा इतक्या दिवसांनी मोकळा दिसत होता.

“बसा, बसा,” येट्टे म्हणाली. “हाइमान, फ्रॉइलाइन सेल्मा आल्यात!”

“मी समोरच्या फुटपाथवरून सगळं पाहिलं,” सेल्मा सांगू लागली. “वाटलं होतं पाहवणार नाही. पण पाहिलं. टेबल आलं ना खाली, तेव्हा हमालांनी खण उपसून सगळे कागद ट्रकमध्ये ओतले. गठ्ठेच्या गठ्ठे. लगद्याच्या कारखान्यात जाणार म्हणे. आणि मी मनात म्हटलं, न्या, न्या! विजेची बिलं न्या, दुधाची बिलं न्या! मला हसू आलं, येट्टे. बाजूची बाई माझ्याकडे बघत होती, हिला वेड लागलं म्हणून.” ती हाइमानकडे वळली. “हेर पेर्ले, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. अल्फोन्सला कळवायचंय मला, अर्थात उघड नाही लिहिता येणार. कुठल्या थडग्यात आहे ते दाखवाल?”

“झाकोबीबाईच्या पायाशी,” हाइमान म्हणाला. “तीन पिशव्या. नीट ठेवल्यात.”

“तीनच? केवढ्या मोठ्या आहेत त्या?”

हाइमाननं हातानं दाखवलं.

गणिताची बाई ती. क्षणभर तिचे ओठ हलले. “तेवढ्यात नाही मावायचं.”

“मावलं की. नाव असलेलं एकही पान सोडलं नाही मी. खणन् खण तपासला.”

“नाव असलेलं.”

“हो.”

“आणि नाव नसलेलं?”

“ते ठेवलं. जागच्या जागी. क्रम मोडू दिला नाही, गठ्ठे बांधून...” आणि मग तो थांबला. कारण ‘गठ्ठे’ हा शब्द थोड्याच वेळापूर्वी सेल्माच्या तोंडून येऊन गेला होता.

येट्टेचे हात कणकेत तसेच राहिले.

सेल्मा ओरडली नाही. येट्टे म्हणायची, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून अगदी वर्गात समजावून सांगतात तशी बोलू लागली. “तुम्ही काय पुरलंत ते सांगू का? यशयाचे श्लोक. यिर्मयाचे श्लोक. ते सगळीकडे छापलेले आहेत. त्या फळीवर आहेत, तुमच्या. ते कुणी कितीही जाळले तरी संपणार नाहीत. त्यांच्यानंतरच्या पानांवर अल्फोन्स होता. त्याचं म्हणणं. ते एकदाच लिहिलेलं होतं. ते तुम्ही सुतळीनं बांधून त्यांना दिलंत.”

“मी दिलं नाही. मी जागेवर ठेवलं.”

“नशीब, इस्तरी नाही केलीत.”

“फ्रॉइलाइन,” हाइमान म्हणाला, “त्यानं जिन्यात पिशवी उघडली. हात घातला आत. येट्टेला विचारा. एक जर्मन कागद लागता हाताला, तर सगळंच गेलं असतं, आम्हीही गेलो असतो. हिब्रू होतं म्हणून...”

“निवडायला बसलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं, तो पिशवी उघडणार?”

हाइमाननं केक बाजूला सरकवला.

“नव्हतं माहीत,” येट्टे म्हणाली.

“तू गप्प बस!”

“का बसू? मी म्हटलं होतं, सगळं ने. दोनदा म्हटलं. वजन काय होणार आहे, म्हटलं.”

“नियम होता!” हाइमाननं टेबलावर हात आपटला. केकचा चुरा उडाला. “नियम मी केलेला नाही! माझ्या बापानं पाळला, त्याच्या बापानं पाळला. सगळं मोडत चाललंय बाहेर, रोज एक नवा नियम, आज बाकावर बसू नका, उद्या तलावात पोहू नका. मग माणसानं स्वतःचा एक धरून ठेवायचा की नाही? नाव वाचवा, असं आहे. प्रोफेसरला वाचवा, असं कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही,” सेल्मा म्हणाली. तिनं पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली. “मला एकच विचारायचंय. मी भांडायला आलेली नाही, भांडण्यासारखं आता काही राहिलंही नाही. तुम्ही सकाळभर बसलात. एकेक पान हातात घेतलंत. त्याचं अक्षर पाहिलंत, खाडाखोड पाहिलीत, एका वाक्यासाठी तो चार चारदा कसा झटला ते पाहिलंत. तुमच्याकडे रिकामी पिशवी होती?”

“होती,” येट्टे हळूच म्हणाली. “एक उरली होती.”

“मग तुम्ही ती भरली नाहीत, हेर पेर्ले, ते नियमामुळे? की त्यानं तुमची थट्टा केली, बापाच्या दफनाला थांबला नाही, रस्त्यात पाइप ओढला, म्हणून? खरं सांगा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणता ना. माझ्या भावाला मी काय कळवू?”

हाइमाननं तोंड उघडलं. येट्टे बघत होती. मग त्यानं खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. कोपऱ्यातलं फावडं उचललं. त्या दिवशी कुणाचंच दफन नव्हतं.

“हेर पेर्ले, मी काहीतरी विचारलंय.”

तो दार लोटून बाहेर गेला.